खुबा : मांडीच्या हाडाचें वरचें टोंक

कळंबच्या चिंतामणीचें देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे. दर्शनास जाणाऱ्यास पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें आणि तितक्याच पायऱ्या चढून वर यावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, तेथें एखाद्या दिवशीं क्षणभर उभे राहून चढणाऱ्या-उतरणाऱ्या मंडळींच्या चालीकडे पाहा. लहान मुलें एका दमांत धांवत वर येतात. शेतकरी गृहस्थ सावकाश, पण सरळ चढतो. एखादी म्हातारी मात्र एक हात भिंतीवर व एक हात मांडीवर ठेवून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवीत वर येते. तिला विचारलें तर ती म्हणेल, "खुबा धरला गा बापा."

खुबा म्हणजे काय, तो कोणत्या हाडानें बनला आहे, तें हाड इतकें बळकट असून कधीं कधीं इतक्या सहज कां मोडतें, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. हा विषय आम्हीं शरीरशास्त्राच्या पुस्तकांत आहे म्हणून निवडला नाहीं. एका विद्यार्थ्याच्या बाबतींत आमच्या हातून झालेल्या चुकीमुळें तो आम्हांस नीट शिकावा लागला. ती हकीकत ओघानें पुढें येईलच.

मांडींत माणसाचें बळ आहे, ही समजूत फार जुनी आहे. भीमाच्या गदेचा घाव मांडीवर बसला तेव्हां दुर्योधन पुन्हां उठला नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत याकोबाच्या जांघेच्या सांध्यास स्पर्श होतो आणि रात्रभराच्या झोंबीनंतर तो सूर्योदयीं लंगडत निघतो. कथा दोन भिन्न देशांतील आहेत. पण माणसास खालीं बसवावयाचें तर घाव कोठें लागला पाहिजे, हें दोन्हीकडे ठाऊक होतें.

हाडाचे भाग

प्रौढ मनुष्याच्या सांगाड्यांत २०६ हाडें असतात. त्यांत मांडीचें हाड सर्वांत लांब. संस्कृतांत ह्यास ऊर्वस्थि म्हणतात. त्याची लांबी माणसाच्या उंचीच्या सुमारें एक चतुर्थांश भरते. म्हणजे पांच फूट चार इंच उंचीच्या माणसाचें हें हाड साधारण सोळा इंच लांब असावयाचें. आपला विषय ह्या हाडाच्या वरच्या टोंकापुरताच आहे. त्या टोंकाचे मुख्य भाग चार : गोळा, मान, बाहेरचा मोठा उंचवटा आणि आंतला लहान उंचवटा.

गोळा हा पूर्ण वाटोळ्या चेंडूच्या सुमारें दोन तृतीयांश इतका असतो. प्रौढांत त्याचा व्यास साडेचार ते पांच सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या लिंबाएवढा. त्याचें तोंड वर, आंतल्या बाजूस व किंचित् पुढें असतें. त्याच्यावर गुळगुळीत, निळसर-पांढऱ्या कूर्चेचें आवरण असतें. फक्त मध्याजवळ एक लहानशी खळी उघडी राहते. तेथें एक बंध चिकटलेला असतो व तो गोळ्यास वाटीच्या तळाशीं जोडतो.

मान ही गोळा आणि हाडाचा दांडा ह्यांस जोडते. ती सुमारें पांच सेंटिमीटर लांब असून दांड्याशीं सरळ रेषेंत नसते, तर कोन करून वळलेली असते. प्रौढ माणसांत हा कोन सुमारें १२५ ते १३० अंशांचा असतो. शिवाय ती थोडी पुढेंहि वळलेली असते. ह्या वांकडेपणांतच आपल्या चालण्याचें मर्म आहे. तें पुढें पाहूं.

मान जेथें दांड्यास मिळते तेथें बाहेरच्या बाजूस मोठा उंचवटा असतो व आंतल्या-मागच्या बाजूस लहान उंचवटा असतो. हाडावरचा उंचवटा हा बहुधा स्नायूंचा खुंटा असतो, हें ध्यानांत ठेवावें. मोठ्या उंचवट्यास नितंबाचे बाजूचे स्नायू बांधलेले आहेत; ते चालतांना कंबर तोलून धरतात. लहान उंचवट्यास कण्यापासून व कंबरेच्या हाडाच्या आंतून उतरलेला बळकट स्नायु चिकटतो. पायरी चढतांना मांडी वर उचलण्याचें काम मुख्यतः त्याचें. दोन्ही उंचवट्यांस जोडणारी पुढच्या अंगानें एक खरबरीत रेषा आहे व मागच्या अंगानें एक जाड कंगोरा आहे.

आतां पुस्तक बाजूस ठेवून उभे राहा. कंबरेच्या बाजूस जें हाड हातास लागतें, त्याच्या सुमारें एक वीतभर खालीं, मांडीच्या बाहेरच्या अंगास तळहात दाबून धरा. आंत एक कठीण गांठ लागेल. तोच मोठा उंचवटा. आतां टांच जमिनीवर टेकून पाऊल आंत-बाहेर फिरवा. ती गांठ तळहाताखालीं फिरतांना कळेल. खुबा दुखतो म्हणून लोक बहुधा ह्या गांठीवरच हात ठेवितात. परंतु खरा सांधा तेथें नाहीं. तो आंत खोल, जांघेच्या मध्याच्या मागें आहे. म्हणून खऱ्या खुब्याचें दुखणें बहुधा जांघेंत जाणवतें. आणि कधीं कधीं तर तें केवळ गुडघ्यांतच जाणवतें, कारण खुब्यास व गुडघ्यास जाणाऱ्या कांहीं नसा एकाच मुळापासून निघालेल्या आहेत. हें वाक्य पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावें.

उखळीचा सांधा

सुश्रुतानें सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील एका प्रकारास त्यानें 'उलूखल' असें नांव दिलें व तो प्रकार काख, वंक्षण म्हणजे जांघ, आणि दांत ह्या ठिकाणीं असतो असें म्हटलें. उलूखल म्हणजे आपलें घरांतलें उखळ. आजहि शाळेच्या पुस्तकांत खुबा व खांदा ह्यांस उखळीचा सांधा म्हणतात, तें किती समर्पक आहे पाहा : उखळींत मुसळ सर्व दिशांस फिरतें, पण उखळ सोडून जात नाहीं.

खुब्याची उखळ म्हणजे कंबरेच्या हाडाच्या बाहेरच्या अंगावरील खोल वाटी. ही वाटी तीन हाडांच्या संगमावर बनते. लहानपणीं त्या तिहींच्या मध्यें कूर्चा असते व तरुणपणीं तीं जुळून एक होतात. वाटीच्या कांठावर कूर्चेसारख्या चिवट पदार्थाची कडी असते, तिनें वाटी आणखी खोल होते. खांद्याची वाटी ह्याहून पुष्कळ उथळ. म्हणून खांदा अधिक फिरतो व अधिक वेळां निखळतो. खुबा कमी फिरतो, पण सहसा निखळत नाहीं. सांध्याच्या समोर उलट्या 'वाय' अक्षराच्या आकाराचा एक बंध आहे. मनुष्यशरीरांतील सर्व बंधांत तो सर्वांत बळकट मानितात. आपण ताठ उभे राहतों तेव्हां धड मागें कलंडूं नये म्हणून तो ताणून उभा राहतो, आणि त्यामुळें स्नायूंस फारसे श्रम पडत नाहींत.

तराजूचें गणित

आतां मानेच्या वांकडेपणाचा प्रश्न घेऊं. हाड सरळ असतें तर अधिक मजबूत झालें नसतें काय? तें अधिक मजबूत झालें असतें हें खरें. परंतु आपण चाललों नसतों, डुललों असतों.

चालतांना प्रत्येक पावलास कांहीं क्षण आपण एकाच पायावर उभे असतों. त्या वेळीं धडाचें ओझें मध्यरेषेंत आणि आधार मात्र एका बाजूच्या गोळ्यावर, अशी स्थिति होते. तराजूची दांडी मध्यें न टांगतां एका टोंकाजवळ टांगली तर जें होईल तेंच येथें व्हावयास हवें, म्हणजे कंबर दुसऱ्या बाजूस कलली पाहिजे. ती कलत नाहीं, कारण मोठ्या उंचवट्यास बांधलेले स्नायु बाहेरच्या बाजूनें कंबरेस खालीं ओढून धरतात. मान लांब व तिरपी असल्यामुळें हा उंचवटा गोळ्यापासून दूर जातो आणि स्नायूंस ओढावयास पुरेशी दांडी मिळते.

गणित सोपें आहे. एका मनुष्याचें वजन ६० किलो धरा. त्याचा एक पाय शरीराच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे १० किलोंचा. तो पाय जमिनीवर टेकलेला असतां गोळ्यावर उरलेलें ओझें ५० किलो. गोळ्यापासून ओझ्याची रेषा जितकी दूर, त्याच्या सुमारें निम्म्या अंतरावर स्नायु ओढतात. म्हणून तोल राखावयास त्यांस दुप्पट, म्हणजे १०० किलोंचा जोर लावावा लागतो. गोळ्यावर दोन्ही भार एकत्र येतात : ५० आणि १०० मिळून १५० किलो. साठ किलोंचा मनुष्य एका पायावर नुसता उभा राहिला तरी त्याच्या खुब्यावर अडीचपट भार पडतो. कृत्रिम सांध्यांत मापक यंत्रें बसवून शास्त्रज्ञांनीं चालत्या माणसाच्या खुब्यावरील भार प्रत्यक्ष मोजला आहे. तोहि साधारण ह्याच प्रमाणांत येतो. कपाशीचें गाठोडें डोक्यावर घेऊन शेतांतून येणाऱ्या बाईच्या खुब्यावर किती भार पडत असेल, ह्याचें गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

ह्यावरून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निघते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातांत धरावी? बहुतेक लोक उजव्या हातांत धरितात. ती डाव्या हातांत धरली पाहिजे. दूरच्या टोंकाकडून दिलेला थोडासा आधार दांडीच्या लांबीमुळें फार उपयोगी पडतो, उजव्या बाजूच्या स्नायूंचें ओढणें कमी होतें व गोळ्यावरचा भार एकदम हलका होतो. आपल्या आजोबांस ही एक गोष्ट घरीं जाऊन सांगितली तरी ह्या लेखाचें सार्थक झालें.

हे स्नायु दुबळे झाले किंवा मान मोडली, तर दुखऱ्या पायावर उभें राहतांना कंबर दुसऱ्या बाजूस खालीं झुकते. जर्मन शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबर्ग ह्यांनीं १८९५ सालीं ह्या लक्षणाचें वर्णन केलें, व आजहि डॉक्टर रोग्यास एका पायावर उभें करून तें पाहतात.

हाडाच्या आंतील यारी

मान तिरपी असल्याचा लाभ पाहिला. आतां तिची किंमत पाहूं. भिंतींतून बाहेर आलेल्या तोड्यावर सज्जाचें ओझें असतें, तसें मानेवर शरीराचें ओझें असतें. अशा तोड्याची खालची कड दाबली जाते व वरची कड ताणली जाते. मानेंत हाडाचा भरींव ठोकळा नसून आंत बारीक अस्थितंतूंची जाळी असते. ती जाळी कशीहि पसरलेली नाहीं. एक समूह गोळ्यापासून निघून मानेच्या खालच्या जाड कडेकडे उतरतो. तो दाब सोसतो. दुसरा समूह मोठ्या उंचवट्याच्या बाजूनें कमानीसारखा वळून गोळ्याकडे येतो; तो ताण सोसतो. दोहोंच्या मध्यें एक विरळ त्रिकोण राहतो. इंग्लंडांतील वॉर्ड ह्यांनीं १८३८ सालीं त्याचें वर्णन केल्यामुळें तो त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

झुरिक येथील शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर हे अशीं कापलेलीं हाडें अभ्यासीत असतां तेथील स्थापत्यशास्त्राचे अध्यापक कुल्मान ह्यांच्या दृष्टीस तीं पडलीं. कुल्मान हे ओझीं उचलण्याच्या वांकड्या यारींतील दाब-ताणाच्या रेषा काढीत असत. हाडांतील तंतु आणि यारींतील रेषा ह्यांचें साम्य पाहून ते थक्क झाले. मायर ह्यांचा निबंध १८६७ सालीं निघाला. पुढें बर्लिनचे वोल्फ ह्यांनीं १८९२ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. जेथें काम पडतें तेथें तें भरतें, जेथें पडत नाहीं तेथें विरतें. म्हणूनच रोज चालणाऱ्याचें हाड टिकतें आणि वर्षानुवर्षें खाटेवर पडलेल्याचें हाड पोकळ होतें.

बालपणापासून तारुण्यापर्यंत

मूल जन्मतें तेव्हां हाडाचा दांडा तयार असतो, पण गोळा केवळ कूर्चेचा असतो. पहिल्या वर्षाच्या मध्याच्या सुमारास त्यांत हाड धरूं लागतें. मोठ्या उंचवट्यांत तें चवथ्या वर्षाच्या आसपास व लहान उंचवट्यांत दहा-बारा वर्षांनंतर धरतें. मान आणि गोळा ह्यांच्यामध्यें वाढीची कूर्चा असते. ती साधारणपणें सोळा ते अठराव्या वर्षापर्यंत जुळून जाते. मानेचा कोनहि जन्मतः मोठा, सुमारें १५० अंशांचा असतो; मूल उभें राहून चालूं लागल्यावर तो हळूहळू कमी होतो.

कांहीं मुलांत जन्मतः वाटी उथळ असते व गोळा तिच्यांत नीट बसत नाहीं. अशा वेळीं पाय सरळ जुळवून घट्ट बांधणें अपायकारक होतें. उलट आपल्याकडील आया मुलास कडेवर घेतात तेव्हां त्याचे पाय आईच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंस फांकलेले राहतात, आणि त्या स्थितींत गोळा वाटींत नीट दाबून बसतो. मुलांस कडेवर किंवा पाठीवर असे वागविणाऱ्या लोकांत ही विकृति कमी आढळते, असें वैद्यकशास्त्र सांगतें. बाळास कापडांत गुंडाळावयाचें असेल तर पाय मोकळे राहूं द्यावे.

चार ते आठ वर्षांच्या सुमारास कांहीं मुलांत गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो मऊ पडतो व चपटा होतो. दहा ते सोळा वर्षांच्या दरम्यान, विशेषतः स्थूल मुलांत, गोळा वाढीच्या कूर्चेवरून मागें घसरतो. दोन्ही रोगांत मूल लंगडतें आणि पुष्कळदां गुडघा दुखतो असें सांगतें. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा निर्दोष दिसला म्हणजे खुबा पाहिलाच पाहिजे.

रक्ताची अरुंद वाट

मोठ्या मनुष्याच्या गोळ्यास रक्त मुख्यतः मानेच्या पृष्ठभागावरून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळतें. त्या सांध्याच्या पिशवीच्या आंत, हाडास चिकटून वर जातात. खळींतील बंधांतूनहि एक वाहिनी येते, पण तिचा पुरवठा अल्प. शेवटच्या शेताला एकाच पाटानें पाणी यावें आणि तो पाट मध्येंच फुटला तर तें शेत वाळावें, तशी ही स्थिति आहे.

म्हणून मान कोठें मोडली ह्याला फार महत्त्व आहे. पिशवीच्या आंत, गोळ्याजवळ मोडली तर ह्या वाहिन्या तुटतात. हाड जुळणें कठिण होतें व गोळा मरूं शकतो. दोन उंचवट्यांच्या मधून मोडली तर तेथें रक्त भरपूर असल्यामुळें हाड जुळतें, पण आधार न दिल्यास वांकडें व आंखूड जुळतें. पहिल्या प्रकारांत तरुणास स्क्रू घालून गोळा वांचविण्याचा यत्न करितात, वृद्धास बहुधा गोळा बदलतात. दुसऱ्या प्रकारांत सळई किंवा पट्टी बसवितात. आपल्या खेड्यांत "बॉल टाकला", "रॉड टाकला" असें जें म्हणतात, त्यांतील भेद हा आहे.

सुश्रुतानें मोडलेल्या मांडीसाठीं रोग्यास फळीवर निजवून खुंट्यांच्या योगें पाय स्थिर बांधण्याची रीति सांगितली आहे. तिला त्यानें कपाटशयन म्हटलें. पुढें अनेक शतकें सर्व देशांत उपाय जवळजवळ तोच राहिला. १९२५ सालीं बोस्टन येथील स्मिथ-पीटरसन ह्यांनीं मोडलेल्या मानेंत तीन धारांचा धातूचा खिळा बसविला. १९६२ सालीं इंग्लंडांत चार्नली ह्यांनीं धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी असा संपूर्ण कृत्रिम खुबा बसविण्याची पद्धति यशस्वी केली.

म्हातारपणीं मांडी मोडते ती बहुधा झाडावरून पडून नव्हे, तर न्हाणींत पाय घसरून किंवा रात्रीं अंधारांत उठतांना अडखळून. आमच्या शेजारच्या एक आजीबाई अशाच पडल्या. पाय आंखूड झाला होता व पाऊल बाहेरच्या बाजूस वळलें होतें. हीं दोन लक्षणें ज्यास ठाऊक आहेत त्यास आणखी पुरावा नको. घरच्यांनीं तीन आठवडे तेल लावून चोळलें. रुग्णालयांत नेलें तेव्हां पाठीवर व्रण पडले होते आणि छातींत कफ सांठला होता. हाड मोडल्यानें म्हातारीं माणसें जितकीं दगावत नाहींत तितकीं त्यानंतर अंथरुणास खिळल्यानें दगावतात. म्हणून शक्य तर एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करून त्यांस बसवावें व उभें करावें, हें आजच्या वैद्यकाचें मत आहे. मोडलेल्या मांडीस कधींहि चोळूं नये. न्हाणींतलें शेवाळ खरवडावें, रात्रीं दिवा ठेवावा, भिंतीस धरावयास दांडी लावावी. ह्या तीन गोष्टींस खर्च थोडा लागतो.

विळ्याच्या आकाराचें रक्त

आतां त्या विद्यार्थ्याची हकीकत. तो नववींत होता. कवायतीच्या वेळीं तो मागें राही, लंगडे, आणि विचारलें म्हणजे म्हणे, "गुडघा दुखते सर." आम्हीं गुडघा पाहिला. सूज नाहीं, जखम नाहीं. मुलगा कामचुकार आहे असें आम्हीं ठरविलें, आणि एके दिवशीं सर्व वर्गासमोर त्यास तसें बोललोंहि. तो कांहीं बोलला नाहीं. रांगेंत जाऊन उभा राहिला आणि कवायत पुरी केली.

चार महिन्यांनीं त्याच्या वडिलांनीं त्यास मोठ्या रुग्णालयांत नेलें. तेथील डॉक्टरांनीं गुडघ्यास हातहि न लावतां प्रथम मांडी आंत वळवून पाहिली, तों मुलगा कळवळला. क्ष-किरणांच्या चित्रांत गोळ्याचा वरचा भाग खचलेला दिसला. रक्त तपासलें तेव्हां सिकल सेलचा रोग निघाला.

ह्या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या व ताठर होतात, आणि बारीक वाहिन्यांत अडकून वाट बंद करितात. गोळ्याची वाट मुळांतच किती अरुंद आहे हें आपण वर पाहिलें. ती तुंबली म्हणजे आंतील हाड मरतें व भाराखालीं खचतें. शिकागोचे डॉक्टर हेरिक ह्यांनीं १९१० सालीं अशा पेशींचें प्रथम वर्णन केलें. भारतांत हा दोष १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी ह्यांनीं नागपुराकडील लोकांत तो असल्याचें प्रसिद्ध केलें. विदर्भांतील अनेक समाजांत, आदिवासी व बिगर-आदिवासी दोहोंतहि, हा दोष आढळतो. भारत सरकारनें त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं सुरू केली असून २०४७ पर्यंतची मुदत ठरविली आहे.

हा रोग संसर्गानें होत नाहीं आणि कोणाच्या पापानें तर नाहींच नाहीं. आई व बाप दोघांकडून एक एक सदोष बीज आलें तरच तो होतो. एकाच बाजूनें आलें तर मूल केवळ वाहक होतें व बहुधा निरोगी राहतें. दोघे वाहक असले तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक. म्हणून विवाहापूर्वीं दोन्ही बाजूंनीं रक्त तपासून घेणें शहाणपणाचें. दोष केवळ सुनेचा मानणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. वरील गणित त्यांनीं पुन्हां एकदां वाचावें. ज्या मुलास हा रोग आहे त्यानें पाणी भरपूर प्यावें, थंडींत भिजूं नये, अति दमूं नये, डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध नेमानें घ्यावें, आणि खुबा, जांघ किंवा गुडघा दुखूं लागल्यास तत्काळ तपासून घ्यावें. लवकर कळलें तर गोळा खचण्यापूर्वीं भार कमी करून व इतर उपायांनीं पुष्कळांचा सांधा दीर्घकाळ टिकवितां येतो. कळंबहून यवतमाळचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, व वर्ध्याच्या बाजूस सेवाग्रामचें १९६९ सालीं निघालेलें महाविद्यालयहि फार दूर नाहीं.

तो विद्यार्थी कुबड्या घेऊन शाळेंत परत आला त्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. कारण बोललों होतों तेंहि वर्गासमोरच. नंतर प्रयोगशाळेंतील सांगाड्याचें मांडीचें हाड आणून तुम्हांस वर सांगितलेला पाठ त्याच वर्गास दिला. पाठ संपल्यावर तो उठला, हाड हातांत घेतलें, आणि मानेवरून गोळ्याकडे बोट फिरवीत मुलांस म्हणाला, "रक्त येथून येते. माझं येथं बंद झालं होतं."

त्याचा गोळा पूर्वीसारखा वाटोळा होणार नाहीं. तो आतां दहावींत आहे, नेमानें औषध घेतो, आणि काठी योग्य हातांत धरतो. त्यानंतर आमच्या वर्गांत कोणी लंगडत आलें तर आम्ही प्रथम त्यास बसावयास सांगतों, आणि मग विचारतों. शिक्षकांनीं आणि पालकांनीं तसेंच करावें.